दुसऱ्यांदा विकलेली पाने

फार पूर्वी सेतकुंड नगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमिल या नावाने मणिगुप्त शेठच्या वैद्यशाळेत लेखनिक होता. रोगी आला की त्याचे दुखणे सोमिल ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरी आणि पान दोऱ्यात ओवून ठेवी. पुढच्या खेपेला औषध चुकू नये म्हणून ही रीत. नवऱ्याला, सासूला जे सांगायचे नाही ते लोक इथे सांगत. पान बाहेर जाणार नाही, असा शेठचा शब्द होता.

वसुला ही नगराच्या अन्नछत्रात रांधणारी विधवा. तिच्या दंडावर कोड फुटले होते. कोड कुणाला लागत नाही, पण लोकांना हे कोण समजावणार? कळले असते तर तिच्या हातचे कुणी खाल्ले नसते. म्हणून ती लांब बाह्यांची चोळी घाली.

शेठने शब्द दिला, पण पानांच्या खोलीला कडी लावली नाही. सोमिलने चारदा सांगितले. शेठने कडीच्या पैशात दर्शनी भिंतीवर मोर रंगवून घेतले!

मग पिंगळ नावाच्या चोराने सगळी पाने उचलली आणि निरोप धाडला, "हजार कार्षापण द्या, नाहीतर भर बाजारात वाचतो."

"देऊन टाकू," शेठ म्हणाला. "कुणाला कळायचं नाही."

"शेठ, पाने परत येतील. त्याने वाचलेले कसे परत येईल? ज्यांची पाने आहेत त्यांना आधी सांगू या."

"म्हणजे दुकान बुडवू या? गप्प बैस!"

शेठने पैसे दिले. पाने आली. शेठने ती स्वतःच्या हाताने जाळली आणि गावभर लाडू वाटले. कशाचे ते मात्र सांगितले नाही.

महिना झाला नाही तोच दुसरा निरोप आला. आता दोन हजार. सोबत एक कापड होते. कोरलेल्या पानावर ओलसर कापड दाबून वरून काजळी फिरवली की अक्षर न् अक्षर उमटते. पिंगळने घरी बसून सगळे छाप घेऊन ठेवले होते. शेठच्याच पैशातून त्याने दोन साथीदार पोसले आणि पलीकडच्या पेठेतल्या सुईणीचे घरही फोडले.

तेव्हा सोमिल उठला आणि दारोदार निघाला. ज्याचे त्यालाच सांगत तो अन्नछत्रात आला.

"बाई, तुमचे पान चोराच्या हाती लागले आहे. महिना झाला. शेठने गप्प बसवले, आणि मी बसलो."

वसुलाच्या हातात पळी होती. "महिना? अरे, त्या महिन्यात मी तुमचे लाडू खाल्ले! अब्रू माझी, भाव त्या मेल्याने ठरवायचा, पैसे तुझ्या शेठने द्यायचे, आणि मला विचारायचंसुद्धा नाही?"

"ओरडा, बाई. तो तुमचा हक्क आहे."

"तू कोण रे मला परवानगी देणारा? जा, सांग त्याला. पुन्हा दमडी दिलीस तर तुझ्या मोरांवर हे उकळतं वरण ओतीन!"

त्याच दुपारी भरल्या पंगतीपुढे तिने बाही वर सारली. "हे कोड आहे. कुणाला लागत नाही. खायचं त्याने बसा, नाही त्याने उठा." निम्मी पंगत उठली. ती उठणाऱ्यांकडे बघत राहिली. एक म्हातारा गाडीवान बसल्या जागेवरून म्हणाला, "मावशे, वरण वाढ की. निवतंय."

शेठने पैसे दिले नाहीत. बाजाराच्या दिवशी पिंगळ गाडीवर चढला. "वसुला! हिला कोड!"

"शिळं झालं!" गाडीवान ओरडला. "ताजं काही आहे का?"

लोक हसले. दुसऱ्या नावाला हसले नाहीत. त्या नावाची पोर तिथेच उभी होती. तिसरे नाव त्याच्या तोंडून निघण्याआधी त्यांनी त्याला खाली ओढले आणि राजाच्या शिपायांच्या हवाली केले. आणखी छाप कुठे असतील तर असोत, आता विकत घेणारा कोणी उरला नव्हता. शेठने खोलीला कडी लावली. पंगतीतून उठलेले मात्र पुन्हा आले नाहीत, आणि वसुला ते शेठला भेटेल तिथे ऐकवी.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही जुनी गोष्ट सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगळ म्हणजे काल विहाराचे धान्य नेणारा चोर. मणिगुप्त म्हणजे ते दान होते असे सांगून ती चोरी झाकू पाहणारा हा भांडारी. वसुला म्हणजे त्याला जाब विचारीत दारात उभी असलेली ही उपासिका. आणि सोमिल मी होतो. भिऊन चोराला दिले त्याला दान म्हणत नाहीत. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, साधली, पण एक महिना उशिरा."