वाजणारा फकीर

"बाबा, गळ्यात बकरीची घंटा कशाला?"

हौसाबाई खरं तर वेगळंच विचारायला टेकडी चढून आली होती. पण दौलतशा फकीर समोर आला तोच टण टण वाजत. मग माणूस दुसरं काय विचारणार?

"बकरी मेली," फकीर म्हणाला. "तिचं पिल्लू या आवाजाशिवाय बाटलीला तोंड लावत नाही."

"म्हणून तुम्ही...?"

"म्हणून मी वाजतो."

तो हसला नाही. हसावं की पाया पडावं, हौसाबाईला कळेना. ती खडकावर टेकली. पोटातली कळ जिरू दिली.

"डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघाल. पुढचं काही बोललेच नाहीत..."

फकीर ऐकत होता.

"पोरगी आहे मला. चिमी. पोटची नाही, बालगृहातून सांभाळायला आणलेली. आता शेजारच्या इंदूकडे द्यायचीय. इंदू चांगली आहे हो. पण पोरगी तिच्याकडे झोपत नाही. माझ्या कमरेचा हा घुंगरांचा छल्ला वाजला की मगच डोळे मिटते. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही."

"चिमी म्हणाली असं?"

"मीच म्हणते."

"हं..."

"थट्टा नका करू, बाबा. हातातून सुटत नाही पोर. कशी सोडू, तेवढं सांगा."

फकिरानं गळ्यातली घंटा काढली आणि एका काळ्या बकरीच्या गळ्यात बांधली. तिचं स्वतःचं पिल्लू लांडग्यानं नेलं होतं. तिनं फकिराला लाथ घातली. फकिरानं तिला सलाम केला.

टण.

पिल्लाचे कान उभे राहिले. ते धडपडत आलं आणि थेट काळीच्या सडाला लागलं. काळीनं वळून त्याला हुंगलं, जरा विचार केला, आणि पुन्हा एक लाथ घातली. फकिरालाच.

"त्याला कळत नाही का, ही आपली आई नव्हे?"

"विचार त्याला."

हौसाबाईनं खरंच वाकून विचारलं. पिल्लाचं तोंड भरलेलं होतं. नुसती शेपटी हलली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचा हात कमरेला गेला. छल्ला निघाला, मुठीत एकदाच वाजला...

"हा इंदूला दिला, तर चिमी तिच्याकडे झोपेल."

"झोपेल."

"आणि मग मला भेटायला आणली तर? मी अशी पडलेली, न वाजता... मला ओळखेल कशी?"



पोट भरलेलं पिल्लू काळीच्या पोटाखालून बाहेर आलं. ओठांना दूध तसंच. डुलत डुलत ते फकिराकडे आलं, त्याच्या पायावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले.

फकिरानं खाली बघितलं. आपली रिकामी मान त्याला हलवून दाखवली.

"अरे वेड्या, मी तर आता वाजतपण नाही."