चैत्रात पाहिलेलं घर

फार पूर्वीची गोष्ट आहे. चैत्राचे दिवस होते. राजवाड्यावर दुपारच्या बरोबर चारचे टोले पडत होते आणि त्याच वेळी एका पाथरवटाची बैलगाडी एका अनोळखी मुलखात येऊन थांबली. गाडीत छिन्न्या, हातोडे, दोन गाठोडी, त्याची बायको आणि तीन वर्षांची लेक होती. तिथल्या राजाला गावाभोवती नवा तट बांधायचा होता. काम दहा वर्षं तरी चालणार होतं, म्हणून लांबलांबचे कारागीर तिकडे निघाले होते.

राजाचा कारभारी म्हणाला, राहायला दोन जागा आहेत, टेकडीवरची आळी नाहीतर खालची. दिवस मावळायच्या आत काय ते ठरवा.

टेकडीवर एकेका खोलीची घरं, एकाला एक चिकटलेली. पाणी खालून डोक्यावर चढवायचं. खालच्या आळीत मात्र ऐसपैस घर होतं, पुढे अंगण, आणि अंगणातच आड. पाथरवट म्हणाला, आपण वर राहू. जुनी माणसं सगळी वरच राहिलीत, त्याला काही कारण असेल. बायकोने ऐकलं नाही. लेकीला खेळायला अंगण हवं आणि मी घागरी घेऊन दिवसाला किती वेळा चढू, असं तिचं म्हणणं. आता आईचंच मन ते, त्यात वाईट काही नव्हतं. पण तिने हट्टच धरला.

टेकडीवरची एक बाई हसून म्हणाली, "जा बाई, राजवाड्यात राहा. थंडीत भेटूच."

पाथरवटाच्या बायकोला वाटलं, ही जळते आपल्यावर.

तरी तिने खालच्या आळीत शेजारच्या सुताराच्या बायकोला विचारलं, की इथे कसं आहे, लेकराबाळांना ठीक आहे ना. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बरं आहे. पाणी दारात आहे."

झालं. घर घेतलं. तिने माहेरी निरोपही धाडला, की आम्हाला घर अगदी वाड्यासारखं मिळालंय.

उन्हाळा चांगला गेला, पाऊस चांगला गेला. दसरा झाला आणि वारा फिरला. तटासाठी चुना लागायचा, त्याच्या भट्ट्या दुसऱ्या एका टेकाडापलीकडे होत्या. इतके दिवस त्यांचा धूर रानाकडे जात होता. आता तो खालच्या आळीत उतरायला लागला आणि उतरला की तिथेच बसून राहायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरी भुकटी. डोळ्यांची आग. आणि लेकीला खोकला लागला तो माघ संपेपर्यंत गेला नाही. रात्र रात्र ती आईच्या मांडीवर बसून असायची.

सुताराची बायको अडुळशाचा काढा घेऊन आली. म्हणाली, इथे थंडीत असंच होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. काय सांगू? नवऱ्याशी भांडून मीच घेतलेलं हे घर."

पाथरवटाच्या बायकोने काढा घेतला आणि तिच्याशी बोलणं सोडलं. कसली ही बाई, दुसऱ्याच्या लेकराचाही विचार केला नाही, असं ती नवऱ्याला दहा वेळा म्हणाली. "तूच म्हणालीस ना" असं नवरा एकदाही बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागायचं. वर राहायला जाऊ, असं तो म्हणाला होता. पण वर जायचं म्हणजे त्या हसलेल्या बाईसमोर उभं राहायचं. ते काही तिच्याने होईना.

परत चैत्र आला, हवा निवळली, लेक खेळायला लागली. तिने स्वतःची समजूत घातली, की एवढं काही झालं नाही.

तेवढ्यात एक लोहार आला. त्याची बायको तरुण, कडेवर चार महिन्यांचा मुलगा. ती सरळ हिच्या दारात आली. "अक्का, इथे कसं आहे हो? बाळाला सोसेल ना?"

पाथरवटाच्या बायकोच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण खरं सांगितलं तर ही म्हणेल, मग तुम्ही का राहिलात? वेड्या आहात का? तिने पदर सारखा केला. म्हणाली, "बरं आहे. पाणी दारात आहे."

बोलून झाल्यावर तिला कळलं, की हे शब्द कुणाचे आहेत. तरी तिने लोहाराच्या बायकोला हाक मारून थांबवलं नाही.

लोहाराने खालच्याच आळीत घर घेतलं. पौषातल्या एका सकाळी बाळाने दूध सोडलं. ओठ निळसर पडले, छाती भात्यासारखी हलायला लागली. लोहाराची बायको धावत आली.

"अक्का, तुमच्या लेकीला कधी असं झालं होतं का?"

अजूनही नाही म्हणता आलं असतं. पण बाळ समोर होतं.

"झालं होतं. गेल्या थंडीत. ह्या धुरानेच होतं."

"मग मी विचारलं तेव्हा?"

"लाज वाटली गं. घर मीच निवडलं होतं."

लोहाराची बायको रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही मला विचारलं असतं ना अक्का, तर मी सांगितलं असतं."

ती अनवाणी टेकडी चढली, बाळ पोटाशी धरून. पाथरवटाची बायको पुढे पळाली आणि पहिलं दार दिसलं ते वाजवलं. दार त्याच बाईने उघडलं. ती हसली नाही. तिने अंथरूण गुंडाळून कोपरा मोकळा केला, दुसरीने पाणी तापत ठेवलं, तिसरी वैद्याला आणायला गेली. त्यांच्या चांगुलपणाने पाथरवटाच्या बायकोला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दोन थंड्या ती ह्या बायकांना भीत होती.

बाळ वाचलं. दोन्ही घरं मग टेकडीवरच राहायला आली. पण मोठं झाल्यावरही जरा पळालं, की त्याच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज टेकडीवर सगळ्यांना ऐकू यायचा, तिलाही. लोहाराच्या बायकोने पुढे तिच्याशी भांडण कधी काढलं नाही. फक्त तिला परत काही विचारलं नाही.

त्यानंतर नव्या कारागिराची गाडी आली, की पाथरवटाची बायको स्वतः वाटेवर जाऊन उभी राहायची. खालच्या आळीत राहू नका, म्हणायची. मी राहिले, माझी चूक झाली, आणि ती झाकायला मी दुसरीच्या बाळाचा श्वास बिघडवला. काही माणसं हसायची. ती हसू द्यायची.

तात्पर्य: परमुलखात घर घ्यायचं तर ते बाराही महिने कसं असतं ते विचारून घ्यावं. आणि कुणी आपल्याला विचारलं तर आपली चूक झाकू नये, कारण आपण झाकलेली चूक दुसऱ्याच्या लेकराला भोगावी लागते.

तुमच्या ओळखीतलं कुणी कामासाठी लांब निघालं असेल, लहान लेकरू बरोबर असेल, तर ही गोष्ट त्यांना नक्की सांगा. आणि तुम्ही त्या गावी आधीच राहून आला असाल, तर गोष्ट राहू द्या, तुमचं खरं काय झालं तेच सांगा.