फळ्यावरची कोरी जागा

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर सरूआक्का रोज दिनविशेष लिहायची. एकदा सरपंच गुलाबराव गुरगुरले, "आक्का, उद्या माझा वाढदिवस. सगळ्यांच्या वर माझं नाव पाहिजे, नाहीतर फळा दुसऱ्याच्या हाती देईन!"

"लिहिते की!"

सकाळी गाव जमलं. फळ्यावर एका गडावरचा विजय, एका लसीचा शोध, आणि सगळ्यांच्या वर ठसठशीत अक्षरांत 'गुलाबराव यांचा जन्म. कार्य:' आणि पुढे कोरी जागा!

आक्काने सरपंचांच्या हातात खडू दिला. "बाकीच्यांचं काम पुस्तकात सापडलं. तुमचं तुम्हीच भरा."

गुलाबरावांनी आठवून पाहिलं. रस्ता झालाच नव्हता, अन् बांधलेली टाकी गळत होती. शेवटी त्यांनीच उपरण्याने आपलं नाव पुसलं. "पुढच्या वर्षी लिही."

"तोवर गळती थांबवा," आक्का म्हणाली, "तेवढंही लिहीन."