दांड्यावरचा हात

"तुम्हीच सांगितलंत ना दादाला, गिअरचीच गाडी घे म्हणून?"

भैरूनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

दस्तगीर उस्ताद पिराच्या कट्ट्यावर बसून एका टेम्पोवाल्याच्या कॅनमध्ये पाणी ओतत होते. पाण्याची धार हलली नाही.

"हो," ते म्हणाले. "मीच सांगितलं."

म्हातारा नाकारेल असं भैरूला वाटलं होतं. वाटेत त्यानं सगळं भांडण मनात रचून आणलं होतं. या एका 'हो'पुढं त्याचा काही उपयोगच उरला नाही.

घाटमाथ्यावरचं हे ठाणं ड्रायव्हर लोकांचं. घाट उतरायच्या आधी इथं गाडी थांबवायची, रेडिएटरला पाणी पाजायचं, पिराला हात जोडायचे आणि मग वळणांना लागायचं. ट्रक सोडल्यापासून उस्ताद इथंच असत. आसपासच्या गावांतले निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. भैरूचा थोरला भाऊ दौलतही त्यातलाच.

दौलतचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. याच घाटात, खालच्या उंबराच्या वळणावर, गुळाच्या ढेपांसकट त्याची पिकअप दरीत गेली होती.

"शोरूममध्ये आपोआप गिअर बदलणारी गाडी होती," भैरू म्हणाला. "दादाला तीच आवडली होती. क्लच दाबून दाबून गुडघा धरायचा त्याचा. तुम्ही म्हणालात, नको."

"म्हणालो."

"का?"

"भरल्या गाडीनं रोज कोकणात उतरायचं होतं त्याला. उतार ब्रेकवर सोडला की ब्रेक तापतो. तापलेला ब्रेक कुणाचाच नसतो. ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. मला एवढंच येतं."

"आपोआपवालीतसुद्धा खालचा गिअर धरता येतो. शोरूमवाला म्हणाला."

"येत असेल. मी चालवली नाही. जे येत होतं ते सांगितलं."

टेम्पोवाला कॅन उचलून गेला. उस्तादांनी चहाचा कप पुढं सरकवला.

भैरूनं कपाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. ज्याच्यावर संशय आहे त्याचा चहा प्यायचा नसतो. प्यायला की माणूस मऊ पडतो, आणि त्याला मऊ पडायचं नव्हतं.

संशयाला कारणं होती. क्रेननं गाडी वर काढली तेव्हा गिअरचा दांडा मोकळा होता. न्यूट्रल. सगळ्या गावानं पाहिलं. आणि गाव काय, तोंडाला कुलूप थोडंच असतं. डिझेल वाचवायला दौलतनं उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली असणार, असं लोक म्हणू लागले. पारावर, गुऱ्हाळात, अगदी दहाव्याच्या पानावरसुद्धा. चार थेंब तेलासाठी जीव घालवला म्हणे.

दौलत तसला नव्हता. म्हणजे गाडीत खोट असणार, नाहीतर कुणीतरी दांडा हलवला असणार. आणि टपरीवाल्या गणपानं भैरूला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दरीत सगळ्यांच्या आधी म्हातारा उतरला. केबिनमध्ये हात घातला. बराच वेळ काहीतरी करत होता.

"यापुढं मी आपोआपवालीच घेणार," भैरू म्हणाला. "दांडाच नको."

"घे."

इतक्या सहज? भैरूला हेसुद्धा खटकलं.

उस्तादांनी कट्ट्याखाली उभ्या असलेल्या पिकअपकडं मान वळवली. जुनी, डिझेलची, पाच गिअरची. मागं आल्याची पोती. भैरूनं ती मालकाकडून, त्याच्याच मालासकट, चालवून बघायला आणली होती. उद्या हो की नाही सांगायचं होतं.

"मग ही कशाला आणलीस?"

आपोआपवाली बघायला तो गेला होता. तिच्यात बसला, डावा हात आपसूक बाजूला गेला. तिथं नुसता फिरवायचा गोल खटका होता, धरायला दांडा नव्हता, आणि तो तसाच खाली उतरला. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"केबिनमध्ये हात घालून काय केलंत?" त्यानं शेवटी विचारलं.

उस्ताद उठले. कट्ट्याच्या कडेला चाकाखाली घालायचे दगड पडलेले असत. त्यातला एक त्यांनी उचलला, फडक्यात गुंडाळला आणि काखेत धरला.

"चल. उतरू."

"उत्तर द्या आधी."

"तिथं देतो."

"तिथं का? इथं काय झालं?"

"इथं तू ऐकणार नाहीस."

भैरू गाडीत बसला खरा, पण त्याचा अर्धा डोळा म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या दगडावर होता. हा दगड कशासाठी? दादाच्या वळणावर हा आपल्याला का नेतोय? सत्तरी उलटलेला माणूस आपलं काय करणार, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, सावध राहा.

"कुठला टाकू?" त्यानं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"चढताना कुठला टाकशील?"

"दुसरा."

"मग तोच."

भैरूनं दुसरा टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी दाव्याला बांधल्यासारखी हळू झाली. आल्याचा वास केबिनमध्ये भरला. एका बाजूला डोंगर, दुसरीकडं नुसती हवा.

उस्ताद रस्त्याकडं बघत नव्हते. ते भैरूच्या डाव्या हाताकडं बघत होते.

हात गिअरच्या दांड्यावर होता. तो नेहमीच तिथं असायचा.

भैरू एकच दिवस उस्तादांकडं शिकायला आला होता. पहिल्याच फेरीत मनगटावर लाकडी पट्टी बसली. गिअर पडला की हात काढायचा, उस्ताद म्हणाले. भैरू तिथंच गाडीतून उतरून चालत घरी गेला. पुढं दौलतनंच त्याला शिकवलं. दौलतकडं पट्टी नव्हती. तो हसत म्हणायचा, "हात काढ रे राजा, पळून नाही जात तो." भैरू काढायचा, आणि पुढच्या वळणावर हात परत तिथंच. सोडला तर सुटेल, असं त्याला वाटायचं. त्याला सगळ्याच गोष्टींबद्दल तसं वाटायचं.

"तुमचं लक्ष कुठं आहे?" तो उस्तादांवर खेकसला.

"गाडीत."

उंबराचं वळण आलं. कठड्याचा तुटलेला भाग नवा बांधला होता. नव्या सिमेंटचा रंग अजून वेगळा दिसत होता.

"थांब इथं."

भैरूनं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला. उस्ताद उतरले. फडकं सोडून दगड मागच्या चाकाखाली सरकवला आणि पायानं ठोकून बसवला. मग येऊन परत शेजारी बसले.

एवढ्यासाठी होता तो दगड. भैरूला थोडी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून अजून राग आला.

"बोला आता."

"मी खाली पोचलो तेव्हा तो गेलेला होता," उस्ताद म्हणाले. "उजवा हात मांडीवर पडलेला. डावा दांड्यावर. घट्ट... एकेक बोट सोडवावं लागलं. हात निघाला, तसा दांडाही त्याच्याबरोबर सुटला."

"म्हणजे आधी गाडी गिअरात होती?"

"दुसऱ्यात."

भैरूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुढच्या क्षणी तो उसळला.

"आणि तुम्ही गप्प बसलात? माझ्या भावाला गाव मूर्ख म्हणतंय. माझी आई देवळात जायची थांबली. न्यूट्रलवर नव्हती, एवढं सांगायला तुमची जीभ झडली होती का?"

"सांगितलं असतं. मग त्यांनी पुढचं विचारलं असतं."

"काय?"

"माझा शागीर्द. तेरा वळणं डोळे मिटून सांगायचा. उतारावर, वळणात, त्याचा हात दांड्यावर काय करत होता?"

खरंच. दादाचा हात कधीच तिथं नसायचा.

"काय करत होता?"

उस्तादांनी काचेतून बाहेर पाहिलं...

"सुगीपासून दुसरा उडत होता," ते म्हणाले. "उतारावर भार आला की आपोआप सुटायचा. त्याला तो हातानं दाबून धरावा लागायचा. मी म्हणालो, गिअरबॉक्स खोलून घे. म्हणाला, गुळाचा हंगाम तेवढा जाऊ दे. वळणाला दोन हात लागतात, भैरू. त्याच्याकडं एकच उरला होता."

"मला का नाही बोलला? गाडी मीपण चालवत होतो. निम्म्या फेऱ्या माझ्या होत्या."

"उतरणीच्या?"

भैरू आठवू लागला. हंगाम सुरू झाला आणि दादानं कोकणाच्या फेऱ्या स्वतःकडं घेतल्या. तू घाटमाथ्यावरच्या बघ, म्हणाला. तेव्हा भैरूला वाटलं, याला जास्तीचं भाडं एकट्याला हवंय. दोन दिवस तो दादाशी बोलला नव्हता.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" त्यानं परत विचारलं. आवाज आता वेगळा होता.

उस्ताद मांडीवर फडक्याची घडी घालू लागले.

"गिअर उडतो कशानं?"

"दहा कारणं असतात. आतली स्प्रिंग मरते. दात झिजतात. कारखान्यातूनच ढिला येतो कधी."

"आणि?"

"आणि सारखा हात ठेवला की गिअर सरकवणारा आतला फाटा घासत राहतो. धरून ठेवणाऱ्यालाच वाटतं की आपण धरलंय म्हणून टिकलंय..."

भैरूनं खाली पाहिलं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, चाकाखाली दगड होता. त्याचा हात दांड्यावर होता.

त्यानं तो चटका बसल्यासारखा उचलला. कुठं ठेवावा हे त्याला कळेना. मांडीवर ठेवला, छातीशी धरला, मग दुसऱ्या हातानं आवळला.

"म्हणजे माझ्यामुळं."

"मी तसं म्हणालो नाही."

"दादाला माहीत होतं?"

"त्यानं तुझं नाव कधी घेतलं नाही."

"पण तुम्हाला वाटतं. खरं सांगा. तुम्हाला वाटतं ना, माझ्यामुळं?"

"गाडी भंगारात वितळून गेली. तो गिअरबॉक्स आता कुणालाच खोलून बघता येणार नाही. तुला नाही, मला नाही."

"मग मी काय करू?"

खालून एक ट्रक चढत आला. ड्रायव्हरनं म्हाताऱ्याला ओळखून हॉर्न दिला. उस्तादांनी हात वर केला. ट्रक वळणाआड गेला, तरी त्याचा आवाज बराच वेळ डोंगराला घासत राहिला.

भैरू रडला. कितीतरी दिवस तो गावावर, शोरूमवाल्यावर, क्रेनवाल्यावर, या म्हाताऱ्यावर डूख धरून होता. त्या सगळ्यांच्या मागं हे उभं होतं आणि आता पुढं कुणी उरलं नव्हतं. तो लहान पोरासारखा नाक ओढत रडला. उस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

शेवटी ते म्हणाले, "आलं सुकतंय मागं."

भैरूनं बाहीला डोळे पुसले.

"मी नाही चालवत. तुम्ही घ्या."

"मला आता रात्रीचंही नीट दिसत नाही आणि दिवसाचंही. चालव."

"वर परत जाऊ."

"इथं गाडी वळत नाही."

ते खरंच होतं. उंबराच्या वळणावर भरलेली गाडी वळत नाही. खाली उतरूनच परत यावं लागतं, हे घाटातलं शेंबडं पोरही सांगेल.

उस्ताद उतरले, चाकाखालचा दगड काढून फडक्यात बांधला, परत येऊन बसले. दार लावलं.

भैरूनं किल्ली फिरवली. क्लच दाबला. हात दांड्याच्या वर हवेतच थबकला.

"गावाला मी सांगू का?" त्यानं विचारलं. "दादाची गाडी गिअरात होती म्हणून?"

"सांग."

"पुढचं विचारतील."

"विचारतील."

भैरूनं मान हलवली. दुसरा टाकला. हँडब्रेक सोडला. गाडी वळणातून हळूच पुढं सरली. नवा कठडा उजवीकडून जवळ आला आणि मागं पडला. उतार तीव्र झाला, पोत्यांचा भार पुढं रेटू लागला, इंजिनाचा आवाज चढला. पण गाडी धरलेल्या चालीनंच चालत होती.

पुढचं वळण दिसू लागलं. भैरूची बोटं दांड्याभोवती पांढरी पडली होती.

उस्ताद रस्त्याकडं बघत होते.

"गिअर पडलाय, राजा," ते म्हणाले. "हात काढ."