वासवीने नेमून दिलेली जागा

पूर्वी काशीदेशात जनसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी वेणुग्राम या गावी एका गवळ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव पिंगल. वेणुग्राम आणि खदिरग्राम या दोन गावांच्या मध्ये एक मोठे कुरण होते, आणि त्यावरून दोन्ही गावे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडत आली होती. तरुणपणी पिंगलांनी दोन्हीकडची थोडी समजूतदार माणसे जमवली. लोक त्यांना ‘मधली माणसे’ म्हणत. भांडण पेटले की ही मंडळी रिकाम्या हातांनी दोन जमावांच्या मध्ये जाऊन उभी राहत. प्रत्येकाने आपल्या गावाकडे तोंड करायचे, हा नियम पिंगलांनीच घालून दिला होता. आपल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून कोणी कुऱ्हाड चालवत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

म्हातारपणी त्यांनी मंडळीचे पुढारपण वासवीकडे दिले. ती वेणुग्रामची लेक आणि खदिरग्रामची सून. कामाला खंबीर, बोलायला जरा फटकळ. निवड दोन्ही गावांना रुचली नाही. वेणुग्राम म्हणे, दिली ती तिकडची झाली. खदिरग्राम म्हणे, ओढा शेवटी माहेराकडेच. पिंगलांनी सगळे ऐकून घेतले आणि निर्णय बदलला नाही. मात्र मनातून ते निर्धास्त होते असे नाही.

त्याच वर्षी, गवत कापायचा दिवस ठरण्याआधीच खदिरग्रामने निम्मे कुरण कापून गंजी रचल्या. हे कळताच वेणुग्रामचे लोक कुऱ्हाडी आणि पेटते पलिते घेऊन निघाले. समोरून खदिरग्राम काठ्या घेऊन आले. मधली माणसे धावत पोचली तेव्हा दोन जमावांत एक बैलगाडी वळेल एवढीच जागा उरली होती.

वासवी त्या जागेत शिरली. “गंजी पेटवायच्या असतील तर आधी मला बाजूला करा,” ती म्हणाली. “वाटणी आज इथंच करू. पण हत्यारं खाली ठेवल्यावर.”

“तू कोण सांगणारी?” वेणुग्रामचा मुख्य कंक म्हणाला. “सासरचं गवत राखायला आलीस होय?”

खदिरग्रामचा मुख्य सुबाहू हा तिचा थोरला दीर. तोही म्हणाला, “वासवी, घरी जा. पिंगलांना येऊ दे, त्यांचं आम्ही ऐकू.”

“हो, पिंगलआजोबाच येऊ देत,” इकडूनही आवाज उठले. आजवर कशावरच एकमत न झालेल्या गावांचे एकमत झाले, ते नेमके यावर.

पिंगल कुरणाच्या कडेला उभे होते. त्यांचे पाय आपोआप पुढे निघाले. आपण दोन शब्द बोललो की सगळे घरी जातील, हे त्यांना ठाऊक होते. आणि खरे सांगायचे तर ती हाक त्यांच्या कानाला फार गोड लागली. आपल्यावाचून अडते आहे, हे ऐकायला कोणत्या म्हाताऱ्याला नको असते? पण काही पावले गेल्यावर त्यांना वासवीचा चेहरा दिसला. इतक्या कुऱ्हाडींना न घाबरलेली ती बाई त्यांना येताना पाहून पांढरीफटक पडली होती.

पिंगलांना उमगले. आज आपण बोललो तर आजचे भांडण मिटेल, पण उद्यापासून वासवीचे कोणी ऐकणार नाही, आणि आपल्या मागे या जागेत उभे राहायला माणूस उरणार नाही. न बोललो तर कदाचित आत्ताच रक्त सांडेल, आणि पहिले तिचे सांडेल. ते तिच्यापाशी जाऊन थांबले. दोन्ही जमाव कान देऊन गप्प झाले.

“बाई, मी मंडळीतला एक माणूस,” पिंगल सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. “कुठं उभा राहू, सांगा.”

त्यांनी तिला आजवर कधी अहोजाहो केले नव्हते. वासवी म्हणाली, “खदिरग्रामकडं तोंड करून उभे राहा, आजोबा.”

“हे नियमाच्या उलट आहे.”

“माहीत आहे. इतकी वर्षं त्यांनी तुमची पाठच पाहिली. आज सगळ्यांनीच समोरच्या गावाकडं तोंड करायचं.”

हे चुकते आहे, असे पिंगलांना मनापासून वाटले. तिला अडवायला त्यांचा एक शब्द पुरे होता. तो त्यांनी गिळला आणि आपल्या गावच्या कुऱ्हाडींकडे पाठ केली. ते पाहून बाकीची माणसेही वळली.

आता सुबाहू त्यांच्या अगदी समोर होता. त्याची एक भुवई मधोमध चिरलेली होती. जखम जुनी होती आणि ती वेणुग्रामच्या काठीची होती, हे कोणी सांगायला नको होते. पिंगलांनी ती आज पहिल्यांदा पाहिली, आणि त्यांना लाज वाटली.

इतक्यात वेणुग्रामच्या बाजूने दगड आला. तो बहुधा सुबाहूसाठी होता, पण पिंगलांच्या मानेखाली बसला. ते गुडघ्यांवर आले. वळून पाहिले असते तर कोणाचा हात होता ते दिसले असते. गावातली बहुतेक माणसे त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. एकदा ते तोंड दिसले की विसरता आले नसते, आणि त्या माणसाला गावात राहणे कठीण झाले असते. पिंगल न वळता, धडपडत उठून उभे राहिले.

“आजोबा, खाली बसा,” वासवी म्हणाली.

“सांगत असाल तर बसतो.”

“बसा.”

ते बसले. पाठीवरून रक्त ओघळत होते. सुबाहूने काठी टाकली. खांद्यावरचे उपरणे काढून तो पुढे आला आणि ते जखमेवर दाबून धरले. त्यासाठी त्याला कुऱ्हाडींच्या टप्प्यात वाकावे लागले. कोणाचीही कुऱ्हाड उठली नाही. थोड्या वेळाने कंकाने आपला पलिता मातीत खुपसून विझवला.

मग वासवीने वाटणी केली. कापलेले गवत निम्मे-निम्मे, उरलेले कुरण दोन्ही गावांनी मिळून कापायचे. “आणि भाऊजी, पुन्हा दिवस ठरायच्या आधी विळा लावलात तर मी तुमच्याच दारात येऊन बसेन,” ती सुबाहूला म्हणाली. त्याने मान हलवली. घरी परतताना लोक म्हणू लागले, पिंगलआजोबांनी गाव वाचवले. पिंगल म्हणाले, “मी नुसता उभा होतो. जागा तिनं दिली.”

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका वृद्ध स्थविराला, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूला, सांगितली. आपला विहार तरुण भिक्षू सुवचाकडे सोपवूनही हा स्थविर आल्यागेल्याला त्याच्या आधी उत्तरे देत असे. कथा सांगून शास्ता म्हणाले, “त्या वेळची वासवी म्हणजे आजचा सुवच. सुबाहू म्हणजे तुमच्या विहाराला रोज भिक्षा घालणारा गृहस्थ. पिंगल मी होतो.”

स्थविराने चाचरत विचारले, “आणि दगड मारणारा, भंते?”

“मी तेव्हा मागे वळून पाहिले नाही,” शास्ता म्हणाले.

स्थविराने मान खाली घातली. मग शास्त्यांनी पिंगलांच्या त्या गुणाचे नाव सांगितले. “घर सोडून निघतो त्याचे नैष्क्रम्य, त्याचा त्याग, सगळ्यांना दिसतो,” ते म्हणाले. “मानाची जागा सोडून, तिथे आलेल्या माणसाच्या शब्दाखाली उभा राहतो, त्याचेही ते नैष्क्रम्यच आहे.”