हुंगून टांगलेलं लाकूड

आमच्या तळेवाडीत पाडव्याला आलात तर दारांकडे बघून नाक मुरडाल. गुढी असते, आंब्याचे डहाळे असतात, पण चौकटीच्या मधोमध सालीसकट एक ओंडका टांगलेला दिसेल. रंग नाही, नक्षी नाही, मधे नुसतं मुठीएवढं भोक. शिमगा सरला की घरोघर माणसं अंगणात बसून तो पोखरतात. टांगण्याआधी घरातला कर्ता माणूस ओंडका हुंगतो, मग आपला हात हुंगतो. पाव्हणे हसतात. हसू द्यात. त्यामागे धाकोजी सुताराची गोष्ट आहे, असं सांगतात.

त्या काळी दाराला लाकडी पोपटांचं तोरण असायचं. वाळून पडलेल्या फांद्यांचं, ज्याचं त्यानं घरी केलेलं, ओबडधोबड. गावच्या खोताला म्हणे ते बघून शिसारी यायची.

"शेणातनं उचलल्यासारखी पाखरं ही," तो धाकोजीला म्हणाला. "यंदा माझ्या दाराला चकचकीत पोपट पाहिजेत. देवराईतली सावर तोड."

"फुलावर आहे ती, आबा. लाकूड ओलं असणार."

"वरून लाख चढव. आतलं कोण बघतंय?"

धाकोजीची नाही म्हणायची छाती झाली नाही.

घरी त्याचा बाप, भिवबा, अंथरुणाला खिळलेला. हात उचलवत नव्हते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. धाकोजीच त्याला भरवायचा. म्हातारा जन्मभर सुतारकाम केलेला. पोराच्या हाताला लाकडाचा वास आला की त्याला घास गोड लागायचा.

सावर पडली तशी खोडातली ढोली फुटली. आत पोपटाची पिल्लं होती, पिसं न फुटलेली, चिरडून लाकडाला चिकटलेली. धाकोजीनं पाला घेऊन ढोली पुसली आणि त्याच लाकडाचे पोपट कोरले. हिरवे अंग, लाल चोची, वर लाख.

पाडव्याला खोताच्या ओटीवर पंगत बसली. उन्हं तापली तशी लाख फुगली आणि चोचींतून चिकट पाणी गळायला लागलं. कुजका, आंबूस वास सुटला. मग लाकडातल्या अळ्या वळवळत खाली आल्या, थेट खिरीत. खोताची विहीण तोंडाला पदर लावून उठली.

व्याही म्हणाला, "तुमच्या पोपटांना हगवण लागली वाटतं, आबा."

तोरण धाकोजीलाच काढावं लागलं. ते उकिरड्यावर टाकून, हात धुऊन तो घरी आला आणि कडुनिंब-गुळाची गोळी त्यानं बापाच्या ओठांशी नेली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"कुणाचा हात हा?"

"माझाच, बाबा."

"तुझा नव्हे. मेलेलं काहीतरी धरलंयस."

धाकोजीनं राखेनं हात घासला, चिंचेनं घासला, कातडी सोलली. वास गेला नाही. स्वतःचाही घास त्याला गिळवेना, बायको वाढताना अंग चोरायला लागली. म्हातारा सुनेच्या हातची चार घोट पेज घ्यायचा आणि दिवसेंदिवस खंगायचा. पोराच्या हातचं खाल्ल्याशिवाय बाप गेला तर, या एका विचारानं धाकोजीचा जीव जळत होता.

शेवटी तो देवराईत गेला. तोडलेल्या सावरीच्या बुंध्यावर पोपटांची जोडी अजून घिरट्या घालत होती. धाकोजीनं हात जोडले म्हणे, "ओल्या झाडाला आता पटाशी लावणार नाही. पाखरू कोरणार नाही. पाखराला जागा कोरीन."

पडलेला वाळका ओंडका त्यानं घरी आणला, साल राखली, आतून पोखरला आणि दाराला टांगला.

"दाराला उखळ टांगलंय सुतारानं," शेजारी म्हणाले. "आता कांडायला वर चढायचं वाटतं."

पावसाळा गेला, थंडी गेली. ओंडका रिकामाच. म्हातारा कसाबसा तग धरून होता. माघ लागला आणि पोपटांची जोडी येऊन भोकात शिरली. त्या दिवसापासून धाकोजीनं पुढचं दार लावून घेतलं. सगळी परसदारानं वावरायला लागली.

पाडव्याच्या सकाळी भोकातून दोन हिरवी डोकी बाहेर आली. धाकोजी खाली उभा राहून बघत होता. त्यानं भीतभीत आपला हात हुंगला. मग गोळी घेऊन तो बापाजवळ बसला. म्हातारा हुंगत राहिला, बराच वेळ.

"लाकूड," तो म्हणाला आणि त्यानं तोंड उघडलं. चावून झाल्यावर म्हणाला, "कडू केलीस रे. आण अजून."

आजही आमच्याकडे सावरीला कुणी कोयता लावत नाही. ओंडक्याला आंबूस वास आला तर तो टांगत नाहीत, दार तसंच बोडकं राहतं आणि त्या घरचा माणूस वर्षभर मान खाली घालून चालतो. तेव्हा पाडव्याला आलात आणि कुणाचं पुढचं दार बंद दिसलं, तर राग मानू नका. वर गेल्या सालच्या ओंडक्याच्या भोकाकडे बघा आणि मागल्या दारानं या.