मैनेची स्वतःची शीळ

कुठल्याशा जंगलाच्या अगदी कडेला, एका बाभळीवर, एक मैना नव्याने राहायला आली होती. तिचं स्वतःचं जंगल वणव्यात जळून गेलं होतं. आई कुठे, भावंडं कुठे, शेजारी कुठे पांगले, तिला काही ठाऊक नव्हतं. मुलांनो, बाभळीवर काटे टोचतात हे तर आहेच. पण संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, ते त्याहून जास्त टोचतं.

जंगलाच्या मधोमध एक मोठा उंबर होता. फळं पिकली की रोज संध्याकाळी सगळे तिथे जमत. खायचं, गप्पा मारायच्या, कुणाला काय हवं ते विचारायचं, जमलं तर सोय लावून द्यायची, असा तिथला रिवाज होता. जो जंगलाच्या काही उपयोगी पडे, त्याला उंबरावर बसायला कायमची फांदी मिळे. बाकीच्यांनी फळ खाऊन आपापल्या वाटेने जावं. मैनेला ती फांदी हवी होती. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं.

तिने विचार केला, 'या जंगलात चांगल्या चांगल्या वस्तू आहेत, पण कुणाला त्यांचा पत्ताच नाही. मी त्या सगळ्यांपर्यंत पोचवीन.' तुमच्या शहरात याला मार्केटिंग म्हणतात आणि त्यासाठी मोठी माणसं गळ्यात नावाची पट्टी अडकवून, हातात चहाचा कप घेऊन हॉलभर हिंडत असतात. जंगलात याला नुसतं 'बोलावणं करणं' म्हणत. काम तेच. चहा तेवढा नव्हता.

बोलावणं करायचं तर ओळखी हव्यात, आणि ओळखी करायची मैनेची तऱ्हाच न्यारी होती. तिला नक्कल करता येई. पोपटांच्या थव्याजवळ गेली की ती पोपटासारखी बोले, खारीजवळ गेली की चिकचिक करे, पिंगळ्याजवळ गेली की त्याच्यासारखी चिरक्या आवाजात ओरडे. उंबरावर जमायची वेळ दिवेलागणीची आणि पानांची दाटी ही एवढी! ज्याला त्याला वाटे, कुणी आपल्यातलंच येऊन बोलून गेलं. मैना मात्र खूश. "आज सगळ्यांशी बोलून झालं!" असं ती बाभळीवर परतल्यावर स्वतःलाच सांगत असे.

पण ती एका जागी बसेल तर शपथ! या फांदीवर बोलताना तिचा डोळा त्या फांदीवर. एकदा खार तिला सांगत होती, "अगं, माझं घरटं उघड्यावर आहे. परवा साप येऊन गेला. पिल्लं अजून घाबरून जेवत नाहीत. काय करावं मला कळत नाही." मैना घाईघाईने खारीच्याच आवाजात म्हणाली, "अरेरे! बोलू हं आपण नंतर." आणि भुर्रकन पुढच्या फांदीवर. मला विचाराल तर तेव्हाच तिचा कान पकडायला हवा होता. पण जंगलात तेवढी सवड कुणाला?

उंबराचा कारभार एका म्हाताऱ्या वानराकडे होता. मैना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, मला काम द्या. मी बोलावणं करीन. सगळ्यांशी माझी ओळख आहे."

"सगळ्यांशी?" वानराने पाठ खाजवली. "बरं बाई. ओढ्यापलीकडे वाळलेला साग आहे ना, त्यात सुतारपक्ष्याने ढोल्या कोरून ठेवल्यात. ढोल्या उत्तम आहेत, पण तिकडे कुणी फिरकत नाही. रिकाम्या राहिल्या तर साप शिरतील आणि त्याच झाडावर त्याची स्वतःची पिल्लं आहेत. येत्या पौर्णिमेपर्यंत ढोल्या भरून दाखव. फांदी तुझी."

मैना आनंदाने वेडीच व्हायची राहिली. त्याच संध्याकाळी तिने उंबर पालथा घातला. पोपटांना पोपटाच्या आवाजात, खारीला खारीच्या, पिंगळ्याला पिंगळ्याच्या. "उद्या सकाळी ओढ्यापलीकडे ढोल्या पाहायला या हं! मी तिथून हाक मारीन." सगळे म्हणाले, "येऊ की!" ढोल्या कसल्या, कुणाच्या, कुणासाठी, हे विचारायलाही कुणाला वेळ मिळाला नाही, कारण मैना तोवर पुढे गेलेली असे.

दुसऱ्या दिवशी ती उजाडताच सागावर जाऊन बसली आणि तिने शीळ घातली. आपली, मैनेची शीळ. कुणी आलं नाही. तिने पुन्हा घातली. ओढ्यावरून पोपट गेले, त्यांनी मानही वळवली नाही. मैना या फांदीवरून त्या फांदीवर, त्या फांदीवरून शेंड्यावर, शेंड्यावरून परत खाली. सुतारपक्षी वैतागून म्हणाला, "जरा स्वस्थ बस गं! मला गरगरायला लागलंय."

शेवटी तिला राहवेना. तिने पोपटाच्या आवाजात जोरात हाक मारली. थवाच्या थवा ओरडत आला. "कोण अडकलं? कुठे आहे?" बघतात तर काय, तिथे एक मैना!

"अहो, मीच काल बोलावलं होतं ना," मैना म्हणाली.

"तू?" म्होरक्या पोपट संतापला. "आम्हाला आमच्यातल्या कुणीतरी बोलावलं होतं. तुला आम्ही ओळखत नाही. आमचा आवाज काढून फसवतेस होय? लाज नाही वाटत?" थवा आला तसा निघून गेला.

उन्हं कलेपर्यंत मैना तशीच बसून राहिली. तिला फार लाज वाटत होती. एवढ्या ओळखी केल्या, आणि ओळखणारं कुणी नाही! सुतारपक्षी तसा फटकळ, पण मनाचा वाईट नव्हता. तो जवळ येऊन म्हणाला, "सकाळी पहिल्यांदा शीळ घातलीस, ती कुणाची गं?"

"माझीच, काका. आईकडून शिकलेली."

"छान होती. मग उंबरावर कधी ऐकू कशी आली नाही?"

"ही परकी, कुठून आली, असं म्हणतील म्हणून भीती वाटायची," मैना म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"परकीच आहेस तर परकी म्हणतील. त्यात काय बिघडलं? निदान कोण ते तरी कळेल," असं म्हणून सुतारपक्षी आपल्या टकटकीला लागला.

त्या संध्याकाळी मैना उंबरावर गेली ती थेट खारीजवळ. दाटीत लपली नाही, समोर बसली. "खारताई, मी मैना. बाभळीवर राहते. त्या दिवशी तुझ्याच आवाजात 'नंतर बोलू' म्हणून पळाले, ती मीच. माझं चुकलं. तुझ्या पिल्लांचं काय झालं, सांगशील?"

खारीने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "आज घाई नाही वाटतं?"

घाई होती! पौर्णिमा जवळ आली होती, पलीकडच्या फांदीवर पिंगळा येऊन बसला होता, मैनेच्या पायांना मुंग्या येत होत्या. पण तिने फांदी घट्ट धरली आणि ती बसून राहिली. खारीने सापाचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं, मोडक्या घरट्याचं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर मैना म्हणाली, "ओढ्यापलीकडे सुतारकाकांची एक ढोली आहे. तोंड लहान आहे, आत ऊब आहे, आणि शेजारी सुतारकाका दिवसभर टकटक करत असतात, त्यामुळे साप आला तर त्यांना आधी दिसेल. सकाळी मी तिथून शीळ घालीन, ही अशी. बघ तर खरं. नाही पटली तर नको."

सकाळी मैनेने शीळ घातली. खार पिल्लांना घेऊन आली आणि ढोलीत जी शिरली, ती बाहेरच येईना. "अगं बाई, मला कुणी आधी सांगितलं का नाही?" ती आतून म्हणाली. मैनेने लाजून मान खाली घातली.

मग ती पिंगळ्याजवळ बसली. त्याला उजेडाचा त्रास होता, त्याला उत्तरेकडची अंधारी ढोली आवडली. पोपटांची तिने माफी मागितली. म्होरक्या फुरंगटूनच होता, पण त्याच्या थव्यातली एक जोडी ढोली पाहून गेली आणि राहिली. रोज एकाशीच बोलणं होई, कधी तेही नाही. अशाने ढोल्या भरायच्या कधी? पौर्णिमा आली तेव्हा सागावरच्या वरच्या ढोल्या रिकाम्याच होत्या.

"ठरल्याप्रमाणे काम पुरं झालं नाही," वानर म्हणाला. "फांदी देता येणार नाही, पोरी. रिवाज म्हणजे रिवाज."

मैना बाभळीवर परतली. दुसऱ्या दिवशी ती उंबरावर गेलीच नाही. 'इथूनही जावं कुठेतरी,' असं तिच्या मनात येत होतं. पण कुठे, ते सुचत नव्हतं. ती काट्यांमध्ये इकडून तिकडे नुसत्या येरझारा घालत होती.

इतक्यात उंबराकडून एक विचित्र आवाज आला. "चिर्र... फुस्स!" मग दुसरा. "फिर्र... घू!" मैना थबकली. कुणाचा गळा बसलाय की काय? तिने नीट कान दिला आणि तिच्या अंगावर काटा आला. ती तिचीच शीळ होती! खार काढत होती, वेडीवाकडी. पिंगळा काढत होता, त्याहून वाईट. पोपटाची जोडी तेवढी जरा बरी काढत होती. आज मैना दिसली नाही, म्हणून सगळे मिळून तिला तिच्या आवाजात हाक मारत होते.

मैना रडत रडत हसली आणि सरळ उंबरावर गेली. "बसायला फांदी नाही ना मला," ती म्हणाली.

"नसू दे," असं म्हणून खार आपल्या फांदीवर थोडी सरकली. तिच्यामागे पिंगळा सरकला, पोपट सरकले. म्हातारा वानर वर बघत, पाठ खाजवत म्हणाला, "सरकून बसू नये, असा काही रिवाज नाही बुवा." मैना त्या जागेत बसली आणि त्या संध्याकाळी कुठेच उडाली नाही.

तात्पर्य : ज्याच्या त्याच्या आवाजात बोलून ओळखी पुष्कळ करता येतात, पण स्वतःच्या आवाजात बोलावं आणि दुसऱ्याचं सगळं ऐकून घ्यावं, म्हणजे आपण दिसलो नाही तर कुणीतरी आपल्याला हाक मारतं.